पॉल हॅरिस स्मृती शिष्यवृत्ती (रोटरी)

रोटरी क्लबची सुरुवात करणारे शिकागोचे वकील पॉल हॅरिस २७ जानेवारी १९४७ ला वारले, त्यांच्या स्मरणार्थ जगभरच्या रोटरी सभासदांनी जो पैसा दिला त्यातून परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही शिष्यवृत्ती सुरू झाली. क्लबमधला एखादा जुना सभासद गेला की त्याच्या नावाने विद्यार्थ्यांना मदत करायची, ही पद्धत आपल्याकडे गावोगावच्या क्लबात दिसते, पण तिचं सगळ्यात मोठं उदाहरण हेच. नंतर हिचं नाव बदलत गेलं, मधे बराच काळ ती 'अँबॅसडोरियल स्कॉलरशिप' म्हणून ओळखली जायची आणि २०१३ मध्ये त्या रूपात ती थांबली.

हॅरिसचा जन्म १८६८ चा, विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावचा. वडिलांना पैशाचं गणित कधी जमलं नाही म्हणून पोरगं आजी-आजोबांकडे व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्डला वाढलं. शिक्षणही आजोबांच्याच जिवावर, आणि तेही सरळ झालं नाही, व्हरमाँटच्या विद्यापीठातून काढून टाकलं, मग प्रिन्स्टन, तिथे असताना आजोबा गेले, शेवटी आयोवातून १८९१ ला वकिलीची पदवी. लगेच वकिली करायची सोडून हा माणूस पाच वर्षं फिरला, पेपरात बातमीदारी केली, फळं तोडली, हॉटेलात रात्रपाळी केली, गुरं नेणाऱ्या जहाजावर काम करत इंग्लंडला गेला, संगमरवर विकला. आपली पदवी दुसऱ्याच्या पैशावर झाली आणि जग स्वतः वणवण करून पाहिलं, हे डोक्यात ठेवलं की पुढे त्याच्या नावाने जी शिष्यवृत्ती निघाली ती त्याला किती शोभते ते कळतं.

शिकागोत त्याला चुकल्यासारखं व्हायचं, एवढं मोठं शहर आणि ओळखीचं कोणी नाही. २३ फेब्रुवारी १९०५ ला युनिटी बिल्डिंगच्या ७११ नंबरच्या खोलीत तो आणि आणखी तिघे जमले, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण इंजिनिअर गुस्टाव्हस लोअर आणि शिंपी हिराम शोरी. बैठक आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायची म्हणून नाव पडलं रोटरी. भारतात पहिला क्लब कलकत्त्याला १९१९-२० च्या सुमारास निघाला, मुंबईत १९२९ ला.

आता पैशाची गोष्ट, कारण ती नीट सांगितल्याशिवाय शिष्यवृत्ती कळत नाही. १९१७ मध्ये अटलांटाच्या अधिवेशनात तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ म्हणाले की आपण एक कायमचा निधी उभारू या. लोकांनी माना डोलावल्या. पहिली देणगी आली कॅन्सस सिटी क्लबकडून, किती, तर २६ डॉलर ५० सेंट! पुढे अकरा वर्षांत कसेबसे पाच हजार डॉलर जमले, तेव्हा १९२८ ला त्याला 'रोटरी फाउंडेशन' असं भारदस्त नाव दिलं. मग महामंदी आली, मग महायुद्ध. म्हणजे तीस वर्षं हा निधी होता, पण सांगण्यासारखं काम म्हणजे १९२९ ला अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिलेले ५०० डॉलर आणि थोडंफार.

हॅरिसने सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर फुलं पाठवू नका, त्याऐवजी फाउंडेशनला पैसे द्या. अशी इच्छा पुष्कळ जण सांगतात आणि तरी हार-तुरे येतातच, पण इथे लोकांनी खरोखर ऐकलं. गावोगावच्या क्लबांनी पैसे पाठवले आणि दीडेक वर्षात दहा लाख डॉलरच्या वर रक्कम गेली. क्लम्फला तीस वर्षं भाषणं देऊन जे जमलं नाही ते संस्थापकाच्या जाण्याने झालं. हॅरिसला मूलबाळ नव्हतं हेही इथे लक्षात घ्यायला हवं. पत्नी जीन नंतर आपल्या माहेरच्या गावी एडिंबराला परतल्या आणि १९६३ ला तिथेच वारल्या.

पैसा आला आणि १९४७-४८ च्या वर्षासाठी लगेच पहिली तुकडी निघाली, ११ देशांतले १८ विद्यार्थी, सात देशांत वर्षभर शिकायला. तेव्हाचं अधिकृत नाव होतं 'उच्च शिक्षणासाठी पॉल हॅरिस फेलोशिप'. युद्ध संपून दोन-तीनच वर्षं झालेली, त्यामुळे कल्पना अशी की मुलं नुसती शिकून येणार नाहीत, तर त्या देशातल्या क्लबात जाऊन बोलतील, लोकांच्या घरी जेवतील, आपल्या देशाबद्दलचे गैरसमज थोडे कमी करतील. पुढे याचे नियमही पक्के झाले, दोन्हीकडच्या क्लबात एक-एक सल्लागार, यजमान देशात भाषणं द्यायचीच, आणि सगळ्यात चांगला नियम म्हणजे रोटरी सभासद किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना अर्जच करता येत नसे. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रस्टांनी एवढी एक ओळ उचलली तरी खूप.

या योजनेतून पुढे सुमारे चाळीस हजार जण शिकून गेले. त्यातली काही नावं सगळ्यांना माहीत आहेत, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झालेले पॉल व्होल्कर (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), पत्रकार बिल मोयर्स (एडिंबरा), सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट (केप टाऊन), आणि जपानच्या सादाको ओगाता, ज्या १९५१ ला जॉर्जटाऊनला गेल्या आणि १९९१ पासून दहा वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त होत्या. यात गंमत बघा, ओगाताबाईंना शिष्यवृत्ती देणाऱ्या क्लबात त्या वेळी बाईला सभासदच होता येत नव्हतं. तो दरवाजा उघडला १९८७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आणि मग १९८९ ला रोटरीने नियमच बदलला तेव्हा. म्हणजे बायकांना शिकायला पैसे द्यायचे पण क्लबात आपल्या शेजारी बसवायचं नाही, असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं.

नावाचा प्रवास मात्र थोडा खटकतो. १९५७ ला फाउंडेशनने ठरवलं की जो १००० डॉलर देईल त्याला 'पॉल हॅरिस फेलो' म्हणायचं, कोटाला लावायची पिन आणि प्रमाणपत्र द्यायचं, परत परत दिले की पिनवर नीलम, मग माणिक. आधी जो फेलो होता तो शिकणारा मुलगा होता, आता फेलो म्हणजे पैसे देणारा. आज आपल्याकडे फ्लेक्सवर 'रो. अमुकतमुक, पी.एच.एफ.' असं वाचून काही जणांना ती पीएच.डी.ची धाकटी बहीण वाटते! तरी एक बरं आहे की हा मान दुसऱ्या कोणाच्याही नावाने घेता येतो, त्यामुळे आई-वडिलांच्या किंवा गेलेल्या मित्राच्या नावानेही लोक हे हजार डॉलर भरू शकतात.

२०१३ पासून जुनी योजना बंद होऊन 'ग्लोबल ग्रँट' आलं. यात किमान ३०,००० डॉलरचं बजेट लागतं, पदव्युत्तर शिक्षणच हवं, आणि विषय शांतता, पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण वगैरे ठरलेल्या सात क्षेत्रांतलाच हवा, म्हणजे आता कोणी सिनेमा शिकायला जातो म्हणाला तर अवघडच. शांतता अभ्यासाची केंद्रं वेगळी, ती २००२ पासून चालू आहेत.

महाराष्ट्रातल्या क्लबांना या मोठ्या निधीतून पैसा येतो तो असा की फाउंडेशनच्या वार्षिक निधीला दिलेली देणगी तीन वर्षं गुंतवतात आणि मग जवळपास निम्मी रक्कम डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या क्लबांच्या गटाच्या, हातात परत येते, त्यातून डिस्ट्रिक्ट ग्रँट काढून अगदी इथल्या कॉलेजच्या मुलांनाही शिष्यवृत्ती देता येते. पण 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' म्हणून जी शिष्यवृत्ती आपण जून-जुलैत सत्कार समारंभात बघतो ती बहुतेक वेळा क्लबच्या स्वतःच्या ट्रस्टची असते. घरचे आणि मित्र मिळून रक्कम देतात, ती बँकेत ठेव म्हणून ठेवतात आणि व्याजातून दरवर्षी एकदोन मुलांची फी भरतात. फी वाढत जाते, मुद्दल तेवढंच राहतं, मग कधीकाळी वर्षाची पूर्ण फी भरणारी शिष्यवृत्ती हळूहळू वह्या-पुस्तकांच्या खर्चावर येते आणि कोणीतरी उठून त्या ठेवीत पुन्हा भर घालावी लागते.