फ्री सीट, ईबीसी आणि प्रतिपूर्ती : कर्ज न काढता शिकण्याची पार्श्वभूमी

वार लावून जेवलेल्या, माधुकरी मागून शिकलेल्या पिढीबद्दल वेगळे सांगायला नको. कोल्हापुरातली वसतिगृहे १९०१ पासूनची. साताऱ्यात १९४७ साली निघालेल्या कॉलेजात मुले शेतात नि बांधकामावर राबून शिकली. ‘कमवा आणि शिका’ हा शब्द तिथूनच घरोघरी पोचला. त्या काळी अडचण मुख्यतः राहण्याची आणि पोटाची होती, फी त्या मानाने थोडी असे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून होतीच. पुढे १९६० च्या आसपास वार्षिक १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी सवलत मिळाली, आणि जातीची सवलत नसलेल्या गरीब मुलालाही कॉलेजचे दार उघडले.

१९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि हे सगळे गणित बदलले. जागा वाढल्या, त्यांच्याबरोबर देणगीही आली. १९८७ मध्ये या देणगीविरुद्ध, म्हणजे कॅपिटेशन फीविरोधी, कायदा करावा लागला.

पण ज्या निर्णयावर आजही पालकांचे एकमत होत नाही, तो १९९३ चा. सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक कॉलेजांतल्या निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ ठरवल्या. फ्री सीटवाल्याने सरकारी कॉलेजइतकीच फी भरायची, उरलेला खर्च पेमेंट सीटवाल्यांच्या फीतून काढायचा. दोन्हींकडे प्रवेश गुणांवरच. शेतमजुराची मुलगी एक रुपयाही कर्ज न काढता इंजिनिअर होऊ शकेल, अशी ही सोय होती, आणि अनेक घरांत पहिला इंजिनिअर याच वाटेने आला.

गोची ‘फ्री’ या शब्दात होती. ही जागा गरिबासाठी नव्हती, गुणवत्ता यादीत वर असणाऱ्यासाठी होती. शहरात चांगले क्लास लावलेला डॉक्टरांचा मुलगा फ्री सीटवर बसे. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेला, दोन-चार टक्क्यांनी मागे राहिलेला मुलगा पेमेंट सीट घेई आणि त्याचे वडील जमीन गहाण टाकून दोघांचीही फी भरत. २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना मोडीत काढताना नेमके याच अनुभवावर बोट ठेवले. निरीक्षण खरे होते. तरी मला वाटते, फ्री सीट घरच्या उत्पन्नाशी जोडली असती तर दोष गेला असता आणि सोय राहिली असती. ती मोडल्यावर गरिबाच्या फीचा भार उचलणारे कॉलेजात कोणीच उरले नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली होती. तेव्हा चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. फ्री सीट गेली तेव्हा कर्जाचा फॉर्म तयारच होता.

त्यानंतर फी ठरवायला समित्या आल्या, आणि सरकारने ‘माफी’ऐवजी ‘प्रतिपूर्ती’ धरली. दोन्हींत मोठा फरक आहे. माफीत फी मागितलीच जात नाही. प्रतिपूर्तीत ती आधी कोणीतरी सोसायची असते, सरकार नंतर भरून देते. पैसे लांबले की कॉलेज विद्यार्थ्याकडे बघते. म्हणून प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सही घेतली जाते : शिष्यवृत्ती न आल्यास फी मी भरेन. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने केलेली ही सही बिनव्याजी असली, तरी ते देणेच आहे.

२०१६ मध्ये ईबीसीची उत्पन्नमर्यादा एका लाखावरून सहा लाखांवर गेली, २०१८ मध्ये आठ लाखांवर. शिक्षण शुल्क मात्र निम्मेच मिळे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. मोठे पाऊल आहे, उशिरा पडले तरी. बातम्यांत मात्र ‘मुलींना मोफत शिक्षण’ असे छापून आले, आणि फीची पावती हातात आल्यावर पालक गोंधळले. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क या ओळी कोऱ्या. त्याखाली विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, अनामत. वसतिगृह आणि मेस वेगळेच, त्यांची पावतीही वेगळी.