घरगुती सर्व्हरची बूट डिस्क : बिघाड व पुनर्उभारणी

घरी चोवीस तास चालू ठेवलेल्या ज्या संगणकावर फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण असा ऐवज साठवतात, तो घरगुती सर्व्हर. त्याची कार्यप्रणाली जिच्यावरून सुरू होते ती बूट डिस्क. ती बहुधा १२० किंवा २५६ जीबीची स्वस्त एसएसडी, म्हणजे चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क, असते, कधी नुसता पेन ड्राइव्ह. ऐवज वेगळ्या, मोठ्या डिस्कांवर असतो. बूट डिस्क गेली की सर्व्हर उठत नाही आणि घरच्यांना वाटते सगळेच गेले. बहुतेक वेळा ऐवज शाबूत असतो. गेलेली असते ती मांडणी, म्हणजे कोणती सेवा कुठून चालते, कोणाला काय दिसते, कुलपाची किल्ली कुठे आहे.

विदर्भातल्या खेड्यांत या बिघाडामागे सहसा लाईन असते. पावसाळी वाऱ्यात ती अर्ध्या मिनिटात दोन-तीनदा जाते-येते. कोणता मजकूर कोणत्या चिपमध्ये आहे याचा नकाशा एसएसडी स्वतःच ठेवते. वीज अचानक गेल्यावर तो लिहून संपवण्यापुरता विजेचा साठा करणारे कपॅसिटर स्वस्त डिस्कांत नसतात. नकाशा अर्धवट राहिला की डिस्क भलताच आकार दाखवते किंवा ओळखच देत नाही. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्याचे बटण ‘यूपीएस’वर नसेल तर लाईन जाताच पंखा फिरत राहतो, संगणक मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दुसरे कारण उन्हाळा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, टिनाखालच्या खोलीत त्याहून वर. सर्व्हर कूलरसमोर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ओल आणि धूळ एकत्र झाली की जोडण्या गंजतात.

डिस्क मेली असे ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल उतरला असेल तर यंत्र बूटचा क्रम, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते, विसरते. घड्याळ जुने वर्ष दाखवत असेल तर संशय तिकडेच घ्यावा. नंतर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहावी.

डिस्क अधूनमधून दिसत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू-बंद करू नये. दुसऱ्या संगणकाला जोडून डीडीरेस्क्यूने तिची प्रत काढावी. हे साधन आधी चांगला भाग उचलते, दुखरा भाग मागे ठेवते आणि कुठवर आलो याची नोंद वेगळ्या फाइलीत करते. मध्येच लाईन गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते; आपल्याकडे हाच त्याचा मोठा गुण. एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवणारी प्रॉक्समॉक्स ही प्रणाली वापरणारे इथे हमखास चकतात. प्रत उघडून ‘ईटीसी’मधली ‘पीव्हीई’ फोल्डर पाहतात तर ती रिकामी. आभासी यंत्रांची वर्णने तिथे नुसती दिसत असतात. मूळ मजकूर ‘व्हार’खालच्या ‘पीव्हीई-क्लस्टर’ फोल्डरमधल्या एका लहान डेटाबेस फाइलीत असतो.

नवी डिस्क बसवून कार्यप्रणाली टाकताना ऐवजाच्या डिस्कांच्या केबल काढून ठेवाव्यात. रात्री अकराला, झोप डोळ्यांवर असताना, पडद्यावरच्या एकाच कंपनीच्या तीन डिस्कांतून चुकीची निवडणे फार सोपे असते. प्रत्येक डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिलेले बरे.

मग केबल परत जोडायच्या. झेडएफएस या साठवण पद्धतीत अनेक डिस्क मिळून एक साठा होतो, त्याला पूल म्हणतात; पूलची माहिती त्याच्याच डिस्कांवर असते. नवी प्रणाली हा पूल दुसऱ्या यंत्राने वापरल्याची तक्रार करते. तो दुसरीकडे कुठे चालू नसेल तर सक्तीने आयात करण्यात धोका नाही. लिनक्सच्या साध्या रेडचेही (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) तसेच, प्रत्येक डिस्कवर तिची ओळख असते. तिथे ‘असेंबल’ म्हणायचे. घाईत ‘क्रिएट’ म्हटले तर ती ओळख नव्याने लिहिली जाते आणि क्रम किंवा मांडणी जराही वेगळी पडली की मजकूर हाती लागत नाही.

एका बाबतीत मात्र इलाज चालत नाही. ऐवज कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असेल, किल्लीची फाइल फक्त मेलेल्या डिस्कवर असेल आणि सांकेतिक वाक्यही ठेवलेले नसेल, तर डिस्का धडधाकट राहूनही कुलूप उघडत नाही. ट्रूनॅस या घरगुती सर्व्हरच्या प्रणालीत मांडणीची फाइल उतरवून घेताना ‘सीक्रेट सीड’चा चौकोन टिचकवायचा राहिला, तर पुढे साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत.

खेड्यात आणखी एक अडचण येते. लाईन फार वेळ गेली की टॉवरही बसतो, आणि सर्व्हर पडतो तेव्हाच कार्यप्रणाली उतरवून घ्यायला नेट नसते. म्हणून जाणकार घरांत सातबाराच्या फाइलीसोबत कपाटात एक पेन ड्राइव्ह असतो, त्यावर इन्स्टॉलर आणि मांडणीची फाइल. किल्ली कागदावर छापून तिथेच.