रोबोटिक्स स्पर्धेचा खर्च आणि विदर्भातल्या शाळा : पार्श्वभूमी

शालेय रोबोटिक्स स्पर्धा गावच्या शाळेला परवडत नाहीत, हे विदर्भात आता सगळेच बोलतात. हा खर्च कोणत्या निर्णयांनी वाढत गेला, ते मात्र क्वचितच सांगितलं जातं. वाद होतो तो प्रवेश शुल्कावर, कारण त्याची पावती फाटते. रोबोचा संच, तो ज्यावर चालवायचा ती मॅट, सुटे भाग, गाडीची तिकिटं, सोबत जाणाऱ्या शिक्षकाची रजा यांचा हिशोब कुणी मांडत नाही, आणि शाळा अडते ती तिथेच.

मूळ कल्पना अमेरिकेतली. 1992 साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघ उतरले. प्रत्येक संघामागे एखादी कंपनी पैसा आणि अभियंते घेऊन उभी राहील, हे त्या रचनेत धरलेलंच होतं. पुढे लहान मुलांसाठी लेगो कंपनीच्या ठोकळ्यांच्या रोबोंची लीग निघाली, 2004 मध्ये सिंगापुरात रोबोंचं जागतिक ऑलिम्पियाड सुरू झालं, 2016 ला त्याची अंतिम फेरी दिल्लीजवळ झाली. पाठीशी कुणी पैसेवालं असणार, हे गृहीतक या सगळ्या प्रवासात सोबत आलं. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीजवळच्या शाळेला निदान एखाद्या कारखान्याचं दार ठोठावता येतं. धारणी, भामरागड, झरी जामणीसारख्या दुर्गम तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांनी जायचं कुणाकडे?

विदर्भात रोबो आधी आला तो अभियांत्रिकी महाविद्यालयांत. 2002 पासून आशिया-पॅसिफिक रोबोकॉन ही महाविद्यालयीन संघांची रोबो स्पर्धा भरू लागली, 2008 आणि 2014 ला तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली, आणि महाविद्यालयांच्या वार्षिक मेळाव्यांत लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारा रोबो), रोबो रेस, रोबो वॉर हे शब्द रुळले. रोबो म्हणजे 8051 किंवा एटीमेगा चिपचा बोर्ड, मोटर चालवणारी एल293डी चिप, दोन छोट्या बीओ मोटर, रेषा ओळखणारा आयआर सेन्सर, खाली ॲक्रिलिकची पट्टी. काही जळलं तर भाग नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळायचा, आणि सोल्डरिंग वसतिगृहाच्या खोलीत व्हायचं. 2012 मध्ये मुंबईतल्या एका केंद्रीय संस्थेने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा सुरू केली, जिच्यात निवडलेल्या संघांना रोबोचा संच विनामूल्य दिला जातो. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. संच आयोजकाने दिला की वडिलांच्या सातबाऱ्यावर किती एकर आहे याने फरक पडत नाही, हे तिथे सिद्ध झालं. शालेय स्पर्धा मात्र वेगळ्या वाटेने गेल्या.

ती वाट ठरली एका नियमाने, आणि त्यावर आजही दोन टोकाची मतं आहेत. ठोकळ्यांच्या लीगमध्ये रोबोचा प्रत्येक भाग लेगोचाच हवा. ऑलिम्पियाडच्या मुख्य गटातही बरीच वर्षं नियंत्रक, मोटर आणि सेन्सर त्याच कंपनीचे लागत. हा नियम करणाऱ्यांची बाजू मजबूत आहे. सगळ्यांकडे सारखेच भाग असले की ज्याच्या घरी लेथ आहे त्याला फायदा मिळत नाही, परीक्षकाला तपासणी सोपी जाते, आणि सोल्डरिंग न येणाऱ्या शिक्षकाच्या वर्गातही सहावीची मुलगी तासाभरात रोबो चालवू शकते. वायर सुटली म्हणून अख्खा दिवस वाया जात नाही. शिकवणाऱ्याच्या नजरेतून हे सगळं खरं आहे.

पण किंमत बघा. लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबो-मालिकेतला 1998 मधला पहिला संच सुमारे 200 डॉलरचा होता, त्याच मालिकेतला 2013 चा ईव्ही3 सुमारे 350 चा. 2020 मध्ये आलेल्या स्पाइक प्राइम या लेगोच्याच शालेय संचाची अमेरिकेतली किंमत तेव्हा 330 डॉलर होती. नुसते रुपये केले तर तेव्हाच्या दराने 24 हजारांच्या आसपास, आणि आयात, कर, वितरकाचा वाटा हे त्यावर वेगळं. समग्र शिक्षा योजनेत 31 ते 100 पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं 25,000 रुपये. पट 30 किंवा त्याहून कमी असला तर 10,000. वीजबिल, खडू, कौलांची दुरुस्ती, शौचालयाची साफसफाई सगळं त्यातूनच. म्हणजे एका रोबोसाठी शाळेने वर्षभर दिवा लावायचा नाही. शिवाय लीगच्या प्रत्येक हंगामाचं आव्हान नवं असतं, त्यामुळे मॅट आणि मॉडेलही दर वर्षी नवी घ्यावी लागतात. शाळांसाठीचा ईव्ही3 2021 मध्ये बंद झाला आणि 2022 अखेर माइंडस्टॉर्म्स मालिकाच संपली. वर्गणी गोळा करून ज्यांनी तो घेतला होता, त्यांच्यापुढे बदलीच्या बॅटरीचा प्रश्न उभा राहिला.

याच काळात पर्याय बाजारात होता. 2005 मध्ये इटलीत तयार झालेल्या अर्दुइनो या रोबो चालवू शकणाऱ्या छोट्या बोर्डाची रचना खुली आहे, म्हणजे तसा बोर्ड कुणालाही बनवता येतो, आणि त्याच रचनेचे इतरांनी बनवलेले बोर्ड काहीशे रुपयांत मिळतात. नियमाने तो दाराबाहेर ठेवला. संच घेऊ शकणाऱ्या शाळांमध्ये समानता आली, बाकीच्या शाळा त्या समानतेत धरल्याच गेल्या नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

2016 मध्ये केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या शालेय प्रयोगशाळांच्या योजनेने, चित्र बदलेल असं वाटलं. शाळेला 20 लाख, त्यातले 10 लाख उभारणीला आणि 10 लाख पाच वर्षं चालवायला. रक्कम भरघोस होती. अट होती किमान सहावी ते दहावीचे वर्ग असलेल्या शाळेची आणि सपाट प्रदेशात 1,500 चौरस फूट बांधीव जागेची. आमच्या जिल्हा परिषद शाळा बहुतेक चौथी किंवा सातवीपर्यंतच्या, खोल्या दोन ते सात. साहजिकच अर्ज करू शकली ती तालुक्याच्या गावची अनुदानित हायस्कुलं, नवोदय विद्यालयं आणि इंग्रजी शाळा. जिथे लॅब आली तिथेही साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत) चढतं, हरवलं तर वसुली कुणाकडून या भीतीने कपाटाला कुलूप लागतं. शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही, ती भीती खरी आहे.

प्रवासाचं गणित याहून अवघड. मोठ्या फेऱ्या पुणे, मुंबई, बंगळूरुकडे. नागपूर ते पुणे रस्त्याने 700 किलोमीटरच्या वर, आणि सिरोंचाच्या मुलाला तर नागपूर गाठायलाच एसटीत दिवस जातो. संघात मुली असल्या तर शिक्षिका सोबत हवी. हंगाम ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत. तेव्हा शेतात आधी सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळीपासून कापसाचा वेचा. घरातलं एक माणूस त्या दिवसांत चार दिवस बाहेर पाठवणं म्हणजे तेवढी मजुरी बुडवणं, आणि हे कोणत्याही अर्जात भरता येत नाही.

तालुका, जिल्हा, राज्य अशी विज्ञान प्रदर्शनाची पायवाट इथे आधीपासून आहे. नागपुरात महापालिका शाळांची मुलं स्वस्त साहित्यातून प्रयोग मांडतात तो मेळावाही जुना आहे. मुलांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात 10,000 रुपये थेट येतात. रोबोटिक्सची पहिली फेरी याच वाटेने तालुक्याला का घेतली जात नाही, हे मला कळत नाही.

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये 50,000 टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. जागेची आणि इयत्तांची अट जुनीच राहिली तर चार खोल्यांच्या शाळा याही वेळी यादीबाहेर राहतील. निदान केंद्रशाळेला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेला, खुल्या रचनेचे काही संच द्यावेत, त्या गटातल्या शाळांनी ते आळीपाळीने वापरावेत, आणि मोडतोडीची वसुली शिक्षकाच्या पगारातून होणार नाही असं परिपत्रक आधी निघावं.