पाळी, बस आणि मुलांचे जागे तास

खानापूर तालुक्यातील एखाद्या गावातून बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत कामाला येणाऱ्या बापाचा दिवस कागदावर मांडून पाहू. घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत सव्वा तास लागतो, मुलीची शाळा दहा ते साडेचार आहे, ती पावणेपाचला घरी येते, साडेनऊला झोपते आणि सकाळी साडेसहाला उठते, असे धरू. बाप सात ते तीन या पहिल्या पाळीत असेल तर तो पहाटे पावणेसहाला घर सोडतो आणि दुपारी सव्वाचारला परततो; म्हणजे संध्याकाळचे पावणेपाच तास दोघेही घरात असतात आणि जागे असतात. तोच माणूस तीन ते अकरा या दुसऱ्या पाळीत गेला की मुलगी शाळेत असताना पावणेदोनला बाहेर पडतो, मध्यरात्री सव्वाबाराला परततो आणि सकाळी साडेसातला उठला तरी मुलगी दप्तर उचलीपर्यंत दोनच तास हाती लागतात, तेही आंघोळ, डबा आणि वेणीफणीच्या घाईचे. काम आठ तासांचेच, जाण्यायेण्याचा प्रवास अडीच तासांचाच, पण बापलेकीच्या वाट्याला येणारा वेळ निम्म्याहूनही कमी होतो.

आईवडील नोकरीपायी मुलांना वेळ देत नाहीत, ही तक्रार आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि ती बहुधा तासांच्या बेरजेवर बेतलेली असते. कुटुंबाचा वेळ मात्र एकट्या माणसाच्या मोकळ्या तासांनी ठरत नाही. दोन किंवा अधिक माणसांचे जागे आणि मोकळे तास एकमेकांवर किती पडतात, यावर तो ठरतो. म्हणूनच कामाचे तास किती, याच्या बरोबरीने ते दिवसाच्या कोणत्या भागात येतात आणि ते आधी ठाऊक असतात की नाही, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हे मोजण्याचे एक साधन आपल्या देशात आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा केले. त्यात आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून मुलाखतीच्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरून घेतात. २०२४ च्या आकड्यांनुसार, सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी जे त्या दिवशी नोकरी-व्यवसायाच्या कामात होते, त्यांत पुरुषांचे सरासरी ४७३ मिनिटे आणि स्त्रियांचे ३४१ मिनिटे त्या कामात गेले. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्यांत स्त्रियांचा सरासरी वेळ २८९ मिनिटे होता, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. आणि घरच्यांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांचा १३७ मिनिटे, पुरुषांचा ७५. यातील प्रत्येक सरासरी ते ते काम करणाऱ्यांचीच असल्याने त्यांची सरळ बेरीज करणे चुकीचे ठरेल, पण चित्र स्पष्ट आहे. नोकरी करणाऱ्या आईचा दिवस दोन कामांत वाटला जातो, आणि त्यामुळे ती घरापासून किती लांबची नोकरी धरू शकते, हे अनेकदा पगारापेक्षा संध्याकाळच्या स्वयंपाकावर ठरते.

आता वरच्या उदाहरणातील तिसरी, म्हणजे रात्रपाळी पाहू, कारण तिचा हिशेब फसवा आहे. रात्री अकरा ते सकाळी सात काम करणारा बाप सव्वाआठला घरी येतो, मुलगी साडेनऊला निघते, आणि संध्याकाळी पावणेपाचपासून तिच्या झोपेपर्यंत तो पुन्हा घरातच असतो. कागदावर हे सहा तास भरतात, तिन्ही पाळ्यांत सर्वाधिक. प्रत्यक्षात त्या घरात दिवसा टीव्ही लागत नाही, धाकट्याला शेजारी खेळायला पाठवतात आणि संध्याकाळी समोर बसलेला माणूस अर्धवट झोपेतला असतो. याचे कारण शरीरात आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचा एक लहानसा पुंजका डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावरून दिवसरात्रीची नोंद ठेवतो आणि त्यानुसार शरीराचे तापमान, झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे आणि झोपेची ओढ यांचा क्रम लावतो. रात्रभर भट्टीजवळ राबलेला माणूस सकाळी घरी निघतो तेव्हा ऊन डोळ्यांवर येते आणि तो पुंजका शरीराला जागे होण्याचे संकेत देत राहतो, त्यामुळे दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणपणे काही तासांनी कमी आणि तुटक होते. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर शरीर नव्या वेळेशी जुळू लागते न लागते तोच ती वेळ पुन्हा सरकते. माणसाचे हे आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असल्याने वेळ पुढे ढकलणे त्याला मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. म्हणून पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर रात्रपाळी हा क्रम उलट्या क्रमापेक्षा शरीराला कमी त्रासाचा असतो. पाळीपत्रक लावणाऱ्या सुपरवायझरने एवढे जरी ध्यानात घेतले तरी त्याचा परिणाम कामगारांच्या घरापर्यंत पोहोचेल.

अशा आडवेळच्या नोकऱ्यांचा मुलांवर काय परिणाम होतो, यावरील निरनिराळ्या देशांतील २३ अभ्यासांचा आढावा जियांगहोंग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी २१ अभ्यासांत संध्याकाळ, रात्र किंवा सुट्टीच्या दिवशीचे पालकांचे काम आणि मुलांच्या वागणुकीतील, अभ्यासातील किंवा आरोग्यातील अडचणी यांचा संबंध आढळला होता. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. आडवेळची नोकरी बहुधा कमी उत्पन्नाच्या घरांच्याच वाट्याला येते आणि गरिबीचे परिणाम त्यात मिसळलेले असतात. उलट बाजूने, मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील कुटुंबांबाबत दाखवले की तीन ते अकरा वर्षांच्या मुलांच्या प्रगतीशी आईने दिलेल्या एकूण तासांचा ठळक संबंध दिसत नाही. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष सोबत काही करण्यात गेलेला वेळ महत्त्वाचा ठरतो. फाउंड्रीत किंवा इस्पितळात पाळीने काम करणाऱ्या मातांच्या मनावर अपराधीपणाचे जे ओझे असते, त्यातले थोडे तरी या निष्कर्षाने उतरावे असे मला मनापासून वाटते.

प्रवासाकडे वळू. डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा प्रसंगवार हिशेब लिहून घेतला, तेव्हा सकाळी कामावर जाण्याचा प्रवास हा दिवसातील सर्वांत कमी आनंदाचा भाग ठरला. बेळगावच्या आसपास या प्रवासातील सर्वांत जाचक भाग बहुतेकदा बसमधला नसतो. तो थांब्यावरचा असतो. त्यामागचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाने एकदा करून पाहावे. तासाला तीन बस बरोबर वीस-वीस मिनिटांनी सुटत असतील तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. त्याच तीन बस पाच, पाच आणि पन्नास मिनिटांच्या अंतराने आल्या तर तासाला बस तीनच राहतात, पण सरासरी थांबणे एकवीस मिनिटांच्या वर जाते, कारण बहुतेक प्रवासी त्या पन्नास मिनिटांच्या लांब खंडातच थांब्यावर येऊन उभे राहतात. बस अशा जोडीने का येतात, यालाही कारण आहे. पहिल्या बसला रेल्वे फाटकापाशी किंवा चौकात जरा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर गर्दी वाढलेली असते, ती चढवण्यात बसला आणखी उशीर होतो, आणि मागच्या बसला उचलायला माणसेच उरत नसल्याने ती भराभर येऊन पहिलीला गाठते. चालकाचा यात काही दोष नसतो. वेळापत्रकात मधल्या ठिकाणी थोडी विश्रांती ठेवून बस पुन्हा अंतरावर आणणे, हा त्यावरचा एक उपाय आहे.

या अनिश्चिततेची किंमत घर मोजते. प्रवासाला सरासरी एक तास लागत असला तरी कधी पाऊण आणि कधी पावणेदोन तास लागत असतील, तर कामावर वेळेत पोहोचण्यासाठी आईला रोजच पावणेदोन तास आधी निघावे लागते. ज्या दिवशी बस लगेच मिळते त्या दिवशी वाचलेला तास कारखान्याच्या फाटकाबाहेर जातो, मुलांजवळ नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला. गावातून रोज शहरात कामाला येणाऱ्या बाईचे त्यातून वाचणारे पैसे लहान नाहीत आणि ही सोय टिकावी असेच कोणीही म्हणेल. पण तिकीट गेले तरी थांब्यावरचा वेळ तसाच राहतो, आणि तो कमी करायला बसफेऱ्या पाळ्या सुटण्याच्या वेळेशी जुळवाव्या लागतात.

प्रवास मुळीच नसेल तर सगळे सुरळीत होईल, हा समजही तपासायला हवा, आणि त्यासाठी निपाणीसारखे ठिकाण नाही. तिथे विडी वळण्याचे काम बायका घरातच करतात. भिजवून मऊ केलेले तेंदूपान मापाला लावून कात्रीने कापायचे, त्यावर तंबाखूची चिमूट सारखी पसरायची, पान वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड दुमडून बंद करायचे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे हात थांबला की कमाई थांबते. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या आईच्या शेजारी मूल पाढे म्हणत असते. ती ‘हं, पुढं’ म्हणते, सातव्या ओळीतली चूक तिच्या कानाला कळतेही, पण नजर सुपावरून हलत नाही. प्रवास शून्य मिनिटांचा, दिवसभर सोबत, आणि तरीही पूर्ण लक्ष देण्याजोगा वेळ तुकड्या-तुकड्यांचा. वडगाव-खासबागेत घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग चालवणाऱ्या कुटुंबांत तर मागाच्या आवाजामुळे बोलणेही ओरडून करावे लागते. वेळ-वापर सर्वेक्षणात एकाच वेळी चाललेली दोन कामे नोंदवण्याची सोय आहे ती याचसाठी. कारण घरी असणे आणि मोकळे असणे या दोन वेगळ्या स्थिती आहेत.

रस्ते सुधारल्यावर प्रवासाचा वेळ आपोआप वाचतो असेही होत नाही. याकोव्ह झहावी यांनी आणि पुढे १९९४ मध्ये चेझारे मार्केत्ती यांनी मांडले की माणसे दिवसाकाठी सुमारे एक तास प्रवासाला देतात, आणि वेग वाढला की तेवढ्याच वेळात अधिक लांब जाऊ लागतात. नियम म्हणून ते सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही, पण पुणे-बंगळूर महामार्ग सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाल्यावर संकेश्वरहून बेळगावला किंवा निपाणीहून कागलला रोज जाऊन येणे ज्यांना परवडू लागले, त्यांना त्यात आपला अनुभव दिसेल.

मुलांच्या जाग्या तासांना बेळगावच्या भूगोलाचीही एक मर्यादा आहे. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि बेळगाव ७४.५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३२ मिनिटे मागे चालतो. जूनमध्ये तो सातनंतर मावळतो. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील वेळ-वापराची माहिती घेऊन दाखवले आहे की सूर्यास्त जिथे उशिरा होतो तिथे मुले उशिरा झोपतात, पण शाळा सगळीकडे ठरल्या वेळी भरत असल्याने त्यांना उशिरा उठता येत नाही, आणि सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर त्यांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असते. दुसऱ्या पाळीच्या बापाची वाट पाहत जागणारे मूल यातूनच आणखी वेळ खर्च करते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते. बाप भेटावा म्हणून मुलाला जागे ठेवण्यापेक्षा बापाने सकाळी अर्धा तास आधी उठणे मला अधिक योग्य वाटते, अर्थात तो स्वतः मध्यरात्रीनंतर झोपलेला असतो हे लक्षात ठेवूनच.

कामाच्या दिवसाची लांबी हाही प्रश्न आता नव्याने पुढे आला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीने आठवड्याचे ४८ तास कायम ठेवून, कामगाराच्या संमतीच्या अटीवर, दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेण्याची वाट मोकळी केली. बारा तास काम आणि अडीच तास प्रवास धरला तर सकाळी आठची पाळी पकडायला पावणेसातला निघालेला माणूस रात्री सव्वानऊला घरी येतो, म्हणजे मुलगी झोपायच्या पंधरा मिनिटे आधी. बदल्यात आठवड्याला तीन दिवस सुट्टी मिळते हे खरे, आणि प्रवासाच्या फेऱ्याही कमी होतात. पण रविवार सोडला तर त्या दिवशी मुलगी शाळेत असते, आणि सोमवारी पडलेला प्रश्न ती गुरुवारपर्यंत राखून ठेवत नाही.

सीमाभागात यावर आणखी एक गुंतागुंत आहे, ती दोन राज्यांच्या दिनदर्शिकांची. निपाणी परिसरातून महाराष्ट्रातील कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्यांची मुले कर्नाटकातील शाळांत शिकतात. कर्नाटकात शाळांची मधली लांब सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात दिवाळीला. उन्हाळ्यानंतर कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातील महिन्याच्या मध्याला. एक नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते आणि कागलला नेहमीसारखी पाळी लागते. ऑक्टोबरात मुले दिवसभर घरी आणि आईवडील कामावर, अशी स्थिती आली की त्यांना आजोळी धाडण्यावाचून बहुतेकांना पर्याय उरत नाही. वसाहतीतील ज्या कारखान्यांत निपाणी-चिक्कोडीकडचे कामगार मोठ्या संख्येने आहेत, तिथे वार्षिक रजेतील काही दिवस दिवाळीऐवजी दसऱ्याला घेण्याची मुभा कामगारांनी मागावी आणि व्यवस्थापनाने द्यावी. उत्पादनाचे दिवस त्याने एकानेही कमी होत नाहीत.