कार्ड एकदा घ्यायचं, ड्रायव्हर वर्षानुवर्षं

मे महिना, दुपारचे अडीच. ब्रह्मपुरीकडे या दिवसांत पारा ४५ च्या पुढे जातो आणि माझ्या आतेभावाचा स्टुडिओ टिनाच्या छपराखाली. ऐन लग्नसराई. तीन लग्नांचं शूटिंग हार्ड डिस्कमध्ये पडलेलं, त्यातल्या एका नवरदेवाकडची मंडळी संध्याकाळी पेन ड्राइव्ह न्यायला येणार होती. त्याचा फोन आला, "दादा, कार्ड जरला वाटते. पडदा काराच होते."

कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड. गेलो तेव्हा प्रकार असा होता : व्हिडिओ रेंडरला, म्हणजे जोडून शेवटची फाइल बनवायला, लावला की पडदा काळा व्हायचा, दोन-तीन सेकंदांनी परत यायचा आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलेलं असायचं. पडदा परत येतो, एवढ्यावरूनच मी त्याला नवीन कार्ड मागवू दिलं नाही. जळलेलं कार्ड दोन सेकंदांनी जिवंत होत नसतं.

कॅबिनेट उघडलं. कार्डाच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये शेजारच्या राइस मिलचा कोंडा, त्यावर कूलरची ओल, सगळं मिळून भिंत लिंपावी तसं बसलेलं. दात घासायच्या ब्रशनं ते खरवडलं, चिपची उष्णता पट्ट्यांकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती पुसून नवी लावली. कार्डाचं तापमान उतरलं, पण पडदा काळा व्हायचा तो होतच राहिला. मग तारखा तपासल्या. तीन दिवसांपूर्वी विंडोजनं आपल्या आपण ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला काम सांगणारं सॉफ्टवेअर, टाकला होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच सॉफ्टवेअरवर चालू करून, तो मुळापासून काढला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जुना ड्रायव्हर उतरवला. सातशे एमबीला तास गेला. साडेसहाला रेंडर पूर्ण झालं.

त्या दोन सेकंदांचा हिशेब आधी सांगतो. विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरी आहे. ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या कामाचा २ सेकंदांत जबाब आला नाही, तर कार्ड अडकलं असं धरून विंडोज त्याला आणि त्याच्या ड्रायव्हरला नव्यानं सुरू करतं. म्हणजे यंत्र धडधाकट असलं तरी त्याला काम सांगणारा चुकला की पडदा काळा होतो. कार्ड घेताना आपण किती जीबी, किती पंखे, किती किंमत हे विचारतो. ड्रायव्हरबद्दल कुणी विचारत नाही. मला वाटतं, कार्डाच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांची गेल्या तीस वर्षांतली अर्धीअधिक लढाई त्या न विचारलेल्या प्रश्नावरच झाली आहे.

कार्ड नेमकं करतं काय, हे आमच्याकडच्या माणसाला रोवणीवरून, म्हणजे धानाच्या लावणीवरून, चटकन समजतं. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. साधा प्रोसेसर म्हणजे शेतीतलं सगळं जाणणारा एक हुशार गडी. पण दोन एकराची बांधी त्यानं एकट्यानं रोवायची म्हटलं तर पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, सुकून जातील. ग्राफिक्स चिपमध्ये हुशार गडी नसतो, ओळीनं उभ्या राहिलेल्या हजारो रोवणाऱ्या बाया असतात. प्रत्येकीचं काम साधं आणि सगळ्यांचं सारखं.

एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या चिपमध्ये या बाया ३२ - ३२ च्या गटानं चालतात. गटाला हुकूम एकच मिळतो आणि सगळ्याजणी एका तालावर तोच पाळतात. तिची स्पर्धक एएमडी, तिच्या जुन्या चिपमध्ये गट ६४ चा होता, २०१९ च्या आरडीएनए रचनेपासून तोही मुख्यतः ३२ चा झाला. गटातल्या चौघींच्या वाट्याला वेगळं काम आलं, तर त्यांचं होईपर्यंत बाकीच्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. म्हणून एका कंपनीच्या चिपवर सुसाट चालणारं काम दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच ताकदीच्या चिपवर रखडू शकतं. बाया तेवढ्याच असतात, गट पाडायची पद्धत वेगळी असते.

या बायांसाठी काम आखून देणारा मुकादम म्हणजे ड्रायव्हर. गेम किंवा एडिटिंगचं सॉफ्टवेअर डायरेक्टएक्स, ओपनजीएल, व्हल्कन अशा ठरलेल्या भाषेत काम सांगतं. ड्रायव्हर ते त्या चिपच्या स्वतःच्या बोलीत उतरवतो, आणि उतरवताना कामाचा क्रम बदलतो, नको ते गाळतो, दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत बसवतो. त्यामुळे नुसता ड्रायव्हर बदलल्यावर तेच कार्ड वेगवान होतं किंवा आमच्यासारखं भर लग्नसराईत आडवं पडतं.

आता या मुकादमांच्या भांडणाचा इतिहास. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं आणि गेमच्या दुनियेवर त्याचं राज्य सुरू झालं. त्या कंपनीची स्वतःची भाषा होती, ग्लाइड. ग्लाइडमध्ये लिहिलेला गेम व्हूडूवर झकास चालायचा, पण दुसऱ्याच्या कार्डाला ती भाषा कळतच नसे. एनव्हिडिया १९९३ मध्ये सुरू झाली होती. तिची १९९५ ची पहिली चिप, एनव्ही१, वक्र पृष्ठभागांनी चित्र रचायची. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट थ्रीडीनं, म्हणजे डायरेक्टएक्समधल्या चित्रांच्या भाषेनं, मात्र त्रिकोण हा पाया धरला आणि ती चिप बाजूला पडली. एनव्हिडियानं हट्ट सोडला. १९९७ ची रिव्हा १२८ त्रिकोणांवर आणि सर्वांच्या भाषेवर बेतली. तीनच वर्षांनी, डिसेंबर २००० मध्ये, थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानं विकत घेतली. ज्यांच्या घरी व्हूडू कार्डं होती त्यांना कंपनीचे नवे ड्रायव्हर मिळणं थांबलं. कार्डं चांगली चालत होती, पण त्यांना नव्या विंडोजशी बोलायला शिकवणारं कुणी उरलं नाही. शेवटी हौशी लोकांनीच त्यांच्यासाठी ड्रायव्हर लिहिले.

दुसरी मोठी कंपनी कॅनडाची एटीआय, १९८५ मधली. तिचं रॅडिऑन हे नाव २००० मध्ये आलं आणि २००६ मध्ये एएमडीनं सुमारे ५४० कोटी डॉलरना ही कंपनीच विकत घेतली. तेव्हापासून सामना एनव्हिडिया विरुद्ध एएमडी असा आहे. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू, दोघांचाही जन्म तैवानमधला, आणि दोघं दूरचे नातेवाईकही आहेत. दोघांच्या बहुतेक मोठ्या चिप आज बनतात तैवानच्याच टीएसएमसी कंपनीत. भट्टी एकच असेल, तर फरक उरतो तो रचनेत आणि ड्रायव्हरमध्ये.

या स्पर्धेत लबाडीही झाली आणि ती दोघांनीही केली. २००१ मध्ये एटीआयच्या रॅडिऑन ८५०० चा क्वेक ३ या गेममधला वेग परीक्षकांना खटकला. त्यांनी गेमच्या फाइलमधलं 'क्वेक' बदलून 'क्वॅक' केलं आणि तोच गेम त्याच कार्डावर मंदावला. ड्रायव्हर फाइलचं नाव वाचून गेम ओळखत होता आणि चित्राचा दर्जा गुपचूप उतरवून वेग दाखवत होता. २००३ मध्ये पाळी एनव्हिडियाची. थ्रीडीमार्क०३ या वेग मोजणाऱ्या चाचणीत कॅमेरा ठरलेल्या वाटेनं फिरतो. ड्रायव्हरला ती वाट आधीच ठाऊक होती, त्यामुळे वाटेवरून न दिसणारा भाग तो रेखाटतच नव्हता. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कनं कॅमेरा वाटेबाहेर नेला, तेव्हा चित्रात भोकं दिसली. नाव वाचून गेमसाठी खास तजवीज करणं आजही चालतं, आणि ते मला गैर वाटत नाही. मोठा गेम येतो त्या आठवड्यात दोन्ही कंपन्या त्याच्यासाठी सुधारलेला ड्रायव्हर जाहीरपणे काढतात. न सांगता चित्र खालावणं ही मात्र गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

ड्रायव्हर जसा मुकादम असतो तसा तो कुलूपही असतो. २०२१ च्या सुरुवातीला क्रिप्टो चलन खणणाऱ्यांनी, म्हणजे संगणकावर गणितं सोडवून ते मिळवणाऱ्यांनी, बाजारातली कार्डं उचलली, तेव्हा एनव्हिडियानं आरटीएक्स ३०६० आणताना इथेरियम हे असं चलन खणायचा वेग निम्मा करणारी अडवणूक त्यात घातली. महिन्याभरातच कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरमधून चुकून ती अडवणूक उठली. दुसरं उदाहरण थेट आमच्या धंद्यातलं. व्हिडिओ दाबून लहान करणारा वेगळा भाग कार्डाच्या चिपमध्ये असतो. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांवर एका वेळी असे किती व्हिडिओ दाबता येतील यावर मर्यादा होती. २०२३ मध्ये ती ३ वरून ५ झाली, तीही जुन्या कार्डांवर, नुसत्या नव्या ड्रायव्हरनं. गिऱ्हाइकानं पैसे मोजून घरी नेलेल्या यंत्राची ताकद कंपनीनं कुलपात ठेवायची, हे मला पटत नाही.

एएमडीनं इथे वेगळी वाट धरली. २००७ पासून तिनं आपल्या चिपची तांत्रिक कागदपत्रं खुली करायला घेतली आणि आज लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या खुल्या प्रणालीत, तिच्या कार्डांचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. एनव्हिडियानं ड्रायव्हरचा लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, बसणारा भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये.

पण खरी बाजी मारली गेली ती २००६ मध्ये. एनव्हिडियानं कूडा जाहीर केलं : ग्राफिक्स चिपकडून चित्राखेरीज कुठलंही गणित करून घ्यायची सोय. गेम खेळणाऱ्यांना तेव्हा तिचा काही उपयोग नव्हता. कंपनी मात्र वर्षानुवर्षं त्यावर माणसं लावत राहिली, पुस्तिका लिहीत राहिली, विद्यापीठांत शिकवत राहिली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर चित्रं ओळखणारं ॲलेक्सनेट हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं गणिती जाळं, शिकवून तयार केलं आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेला तिथून जोर आला. दोन्ही कार्डं दुकानात मिळणारी, गेम खेळायची. एएमडीची तोडीची सोय, आरओसीएम, आली २०१६ मध्ये. ताकदीच्या चिप एएमडीकडे त्याआधीही होत्या, पण तोपर्यंत एक आख्खी पिढी कूडावर शिकून बसली होती.

तिसरा गडी इंटेल. २०२२ मध्ये त्यांची आर्क कार्डं आली तेव्हा नवे गेम बरे चालत आणि डायरेक्टएक्स ९ वरचे जुने गेम अडखळत. पुढच्या काही महिन्यांत ड्रायव्हर सुधारत गेले आणि त्याच कार्डांवर तेच जुने गेम नीट धावू लागले. चिपला कुणी हातही लावला नव्हता. मात्र या कार्डांना मदरबोर्डवर रिसाइझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते, ती नसेल तर वेग बराच पडतो. आमच्याकडच्या जुन्या जोडणीच्या संगणकांत ती बहुधा नसते, तेव्हा स्वस्त मिळालं म्हणून आर्क उचलण्याआधी एवढं तपासा. इंटेलचं आणखी एक. लग्नाचे व्हिडिओ करणारे पुष्कळजण एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात इंटेल प्रोसेसरच्या पोटातल्या क्विक सिंकचा, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या भागाचा, मोठा आधार असतो. नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा भागच नसतो, म्हणून क्विक सिंकही नसतं. थोडे पैसे वाचवायला एफवाला प्रोसेसर घेतलेले दोन स्टुडिओवाले मला माहीत आहेत. भारी कार्ड लावूनही त्यांचं काम जुन्या मशीनपेक्षा हळू चालतं.

तालुक्याच्या दुकानांत आणि जुन्या बाजारात मिळणाऱ्या कार्डांचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. एनव्हिडियाचं जीटी ७३० घ्या. या एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या : फर्मी पिढीची, ९६ कोअरची, म्हणजे आपल्या हिशेबात ९६ बायांची, आणि केप्लर पिढीची, ३८४ कोअरची. फर्मीचा नियमित ड्रायव्हर २०१८ मध्ये थांबला, केप्लरचा २०२१ मध्ये. त्याच २०२१ मध्ये एएमडीनंही आपल्या २०१२ ते २०१५ च्या सुमाराच्या कार्डांचे नियमित ड्रायव्हर थांबवले. दुकानदार खोक्यावरचं नाव दाखवतो, आत कोणती पिढी आहे हे खोकं सांगत नाही. तिथेच संगणकाला लावून पाहिलं तर कळतं. शिवाय १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं खणन थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. अशा कार्डाचे पंखे हातानं फिरवून बघावेत, खरखर लागली तर परत ठेवावं.

उन्हाचंही ऐका. पंखा हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. बंगळूरच्या २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारं कार्ड तेवढ्याच कामाला आमच्या ४५ अंशांत ९० कडे जाऊ पाहतं. मग ते जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतं. परीक्षणांतले आकडे वातानुकूलित खोलीतले असतात, आणि दोन कार्डांत त्यांनी दाखवलेला पाच-सात टक्क्यांचा फरक टिनाच्या छपराखाली सहज पुसला जातो. कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवायचा मोह मात्र टाळा. ओल आणि कोंडा एकत्र आले की काय होतं ते मी ब्रशनं खरवडून काढलं आहे.

आतेभावाला आता नवं कार्ड घ्यायचं आहे, धान विकल्यावर. कोणत्या कंपनीचं घेऊ, असं त्यानं विचारलं. मी कंपनीचं नाव सांगितलं नाही. हळदीचं पाच मिनिटांचं शूटिंग आणि त्याची एडिटिंगची फाइल त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये भरून दिली. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन, दुकानातल्या मशीनवर प्रत्येक कार्डावर तेच पाच मिनिटं रेंडर करायचं, वेळ घड्याळात बघायचा आणि ड्रायव्हरचा नंबर लिहून आणायचा. "दुकानदार लावू देईल का जी?" तो म्हणाला. नाही लावू देणार तर शेजारी दुसरं दुकान आहे, म्हटलं.