बदाम सात

बदाम सात हा बावन्न पत्त्यांचा बैठा, घरगुती खेळ. त्याला बदामसत्तीही म्हणतात. नागपुरात हिंदीचा शेजार असल्याने ‘लाल पान की सत्ती’ हे नावही कानावर पडते. तीन ते आठ भिडू चालतात. चार-सहा जमले की डाव रंगतो. आकडे ओळखणारे मूल एका डावात तो शिकते. यात जोडीदार नाही, हुकूम नाही, हात मोजणे नाही. मेंढीकोटात चुकीचा पत्ता टाकून जोडीदाराची बोलणी खाणारी मंडळी इथे निवांत असतात.

जोकर बाजूला काढून कॅट पिसतात आणि सगळे पत्ते वाटून टाकतात. चौघांत प्रत्येकी १३ येतात. पाच जण असले तर दोघांना ११ आणि तिघांना १० मिळतात. वाटणारा दर डावाला बदलत असल्याने त्यावरून सहसा कुणी कुरकुरत नाही. बदामाची सत्ती ज्याच्याकडे, तो ती मधोमध मांडतो. पुढच्याने बदामाची अठ्ठी किंवा छक्की लावायची, नाहीतर इस्पिक, किलवर, चौकट यांपैकी एखादी सत्ती उघडायची. सत्तीपासून वर राजापर्यंत चढायचे, खाली एक्क्यापर्यंत उतरायचे. एक्का इथे सर्वांत लहान. लावण्याजोगे काहीच नसेल तर ‘पास’. चौघांच्या डावात दुसऱ्याच भिडूवर पास म्हणायची पाळी साधारण पाचांत एकदा येते. पत्ते आधी संपवणारा जिंकतो. उरलेल्यांच्या हातातले पत्ते त्यांच्या नावावर गुण म्हणून चढतात: एक्क्याचा १, गुलामाचे ११, राणीचे १२, राजाचे १३, बाकीच्यांचे अंगावरच्या आकड्याप्रमाणे. कमी गुणांचा भिडू पुढे.

एवढ्यावरून हा पोरखेळ वाटतो, आणि नशिबाचा वाटा मोठा आहेच. पण खरी गंमत पत्ता लावण्यात नसून न लावण्यात आहे. एखादी सत्ती दाबून ठेवली की त्या रंगाचे उरलेले बाराही पत्ते अडतात. अठ्ठी किंवा छक्की दाबली तर प्रत्येकी पाचच अडतात, मात्र दोन्हींचा मार सारखा नसतो. छक्कीमागे अडकलेल्या पंजी ते एक्का या पत्त्यांचे मिळून १५ गुण होतात. अठ्ठीमागच्या नव्वी ते राजा यांचे ५५. म्हणून गुण लिहून खेळणारे छक्की सहज सोडतात आणि अठ्ठीवर मांडी ठोकून बसतात. अर्थात त्या रंगाचा राजा किंवा राणी आपल्याच हातात असेल तर ही अडवणूक आपल्याच गळ्यात येते.

लावता येत असतानाही पास म्हणू द्यायचे की नाही, यावर घराघरांत मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी ‘असेल तर टाकायलाच हवा’ हा दंडक असतो, आणि तोच बरा. नाहीतर चिवट भिडू डाव तासभर लोंबकळत ठेवतात. या दंडकात अडवून धरायला दुसरी चाल हाताशी असावी लागते. समजा बदामाची छक्की, पंजी, चव्वी, तिर्री अशी सलग ओळ तुमच्याकडे आली आहे. छक्की लावली की पुढचे तीन पत्ते तुमच्याशिवाय कुणाला लावता येत नाहीत. चार पाळ्या अशा निघतात आणि तोवर चौकटची अठ्ठी हातातच राहते. समोरचे लागोपाठ पास म्हणू लागले की संशय सुरू होतो: “अबे, चौकटची अठ्ठी कोन दाबून बसला?” दुसरीकडून थेट आरोप, “आजी, तूच दाबून राहिली नं?” आजी पत्ते पदराआड घेते आणि पास म्हणणाऱ्या नातवाकडे बघत तिर्री टाकते.

नागपुरात या खेळाचा मुख्य हंगाम उन्हाळी सुट्टीचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर पोट्टेही घराबाहेर पाय टाकत नाहीत. राज्यात इतरत्र जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीस सुरू होतात, म्हणजे सुट्टी इथे लांबते. आते-मामेभावंडे जमलेल्या घरात मग जेवणानंतर कूलरसमोर चटई पडते. कूलरच्या झोतात मांडलेली ओळ टिकत नाही. त्यामुळे पत्ते पसरण्याऐवजी सत्तीच्या एका बाजूला चढते आणि दुसऱ्या बाजूला उतरते अशा गड्ड्या रचतात आणि त्यांवर चष्म्याचे घर, मोबाइल, जे हाताला लागेल ते ठेवतात. लाइट गेली की गड्ड्यांची गरज उरत नाही, पण मग चटईवर कुणी बसतही नाही. उन्हाळ्यानंतर कोजागिरीचे जागरण, लग्नघरातली रात्र आणि मुंबईकडे जाणारी विदर्भ एक्सप्रेस या त्याच्या इतर जागा. पैसे लावायची रीत नसल्याने, तीनपत्तीला नाक मुरडणारी वडीलधारी माणसेही यात बसतात. दहाच्या वर माणसे झाली तर दोन कॅट एकत्र करतात. मग प्रत्येक रंगाच्या दोन ओळी लागतात आणि जागा पुरत नाही.

हा खेळ भारताबाहेरही खेळला जातो. इंग्रजीत त्याला सेव्हन्स, पार्लमेंट किंवा फॅन टॅन म्हणतात. फॅन टॅन नावाचा चिनी जुगार मात्र अगदी वेगळा. ब्रिटिश पद्धतीत बहुधा चौकटच्या सत्तीने सुरुवात होते. जपानी ‘शिचिनाराबे’त चारही सत्त्या आधीच मांडतात आणि पास किती वेळा म्हणायचे यावर मर्यादा घालतात, साधारणपणे तीनदा. सत्त्या आधीच बाहेर आल्यावर सगळ्यांत मोठी अडवणूक संपते, त्यामुळे आपल्याकडच्या मुरलेल्या भिडूंना तो प्रकार जरा मिळमिळीत वाटेल.

कॅट पुरा आहे की नाही हेही या खेळात उघडे पडते. रमीत एखादा पत्ता कमी असला तर कळायला वेळ लागतो. इथे किलवरची पंजी हरवली असेल तर किलवर छक्कीपाशी थांबते, सगळे एकमेकांकडे बघत पास म्हणतात आणि शेवटी पत्ते उघडे करावे लागतात. मग एका जोकरवर पेनाने ‘किलवर ५’ लिहितात आणि पुन्हा वाटप होते.