शंभरची बॅटरी शंभर देत नाही

डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरसाठी, म्हणजे दुरून आलेला रेडिओ संदेश पकडून पुढे प्रसारित करणाऱ्या संचासाठी, बॅटरी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती अँपिअर-अवरची, म्हणजे किती अँपिअर करंट किती तास देणारी? खरं तर तो शेवटी विचारायचा. आधी रेडिओ किती करंट खातो ते मोजावं, तेही माहितीपत्रकात वाचून नव्हे, मीटर लावून.

समजा, नुसता ऐकत बसलेला रिपीटर १ अँपिअर घेतो आणि प्रसारण सुरू झालं की १०. दिवसातला पाव वेळ तो बोलत असेल, तर सरासरी सव्वातीन अँपिअर पडते. वीज २४ तास गेली तर ७८ अँपिअर-अवर लागतील. १०० ची बॅटरी पुरून उरेल असं वाटतं, आणि इथेच गफलत होते. बॅटरीवर छापलेला आकडा नव्याकोऱ्या बॅटरीचा असतो. साधारण २५ अंश तापमानात, बहुधा २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, म्हणून निम्म्यावर थांबायचं: ७८ चे झाले १५६. जुनी झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल असं धरलं की १९५. कडाक्याच्या थंडीत, शून्य अंशाच्या आसपास, आणखी पाचवा हिस्सा जातो. हिशेब २४० च्या पुढे गेला!

उष्णतेचं उलटं. तापलेल्या पत्र्याच्या खोलीत बॅटरी त्या दिवशी झकास चालते, पण दर १० अंश वाढीमागे तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून तापमान पाहून व्होल्टेज कमी-जास्त करणारा चार्जर घ्यावा. या कामी पैसे वाचवू नयेत असं माझं मत. त्या चार्जरला रेडिओ चालवता चालवता रिकामी बॅटरीही भरायची असते, त्यामुळे त्याचे अँपिअर दोन्ही कामं मिळून मोजायचे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते, आणि ती निम्म्याच्या बऱ्याच खाली उतरवता येते. पाठीवरून ओझं वाहून न्यायचं असेल तर मोह पडतोच. फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. आत लिथियम धातूचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतलं सर्किट अशा वेळी चार्जिंग बंद करतं. म्हणजे बॅटरी वाचते, पण ऐन हिवाळ्यात ती भरतही नाही.

इन्व्हर्टर मात्र मधे घालू नये. बॅटरीची डीसी वीज एसी करायची आणि रेडिओच्या पॉवर सप्लायने ती पुन्हा डीसी करायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? इन्व्हर्टर रिकामा बसूनही काही वॅट खातो, आणि ऐकत बसलेला रिपीटर घेतो जेमतेम १२ ते १४ वॅट.

वायरचंही तसंच. बॅटरीपासून रेडिओ ५ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमधून १० अँपिअर गेले की जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेतच जिरतात. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत ही घट जाणवते. टेलिफोनवाले पूर्वीपासून ४८ व्होल्ट वापरतात, त्याचं हेही एक कारण: तेवढ्याच वॅटला करंट पाव लागतो आणि वायरमधलं नुकसान सोळाव्या हिश्श्यावर येतं.

राहिला कट-ऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरली की रेडिओ तोडणारी छोटी डबी. ती ११.५ व्होल्टला तोडते आणि ११.८ ला परत जोडते असं समजा. रेडिओ सुटला की ओझं गेल्यामुळे बॅटरीचं व्होल्टेज आपोआप वर चढतं, डबी त्याला पुन्हा जोडते, व्होल्टेज कोसळतं, परत तोडते. निर्जन खोलीत रात्रभर डबीतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, टक्-टक् करत राहतो आणि बॅटरीचा उरलासुरला जीवही जातो. परत जोडण्याची मर्यादा १३ व्होल्टवर ठेवली की हा खेळ थांबतो, कारण लेड-ॲसिड बॅटरी चार्जर सुरू झाल्याशिवाय तिथे पोचतच नाही.